डाळिंबाचा अर्थ विचारू नका

उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याच्या जुन्या बाजारात, घुमटांखालच्या दुकानांतून सुझनी टांगलेल्या असतात. सुती कापडावर रेशमाने भरलेला, निम्मी भिंत झाकेल एवढा मोठा पडदा म्हणजे सुझनी. विकणाऱ्या बायका चलाख. गिऱ्हाईक भारतातलं आहे हे कळलं की आधी सिनेमा निघतो; विकणारी वयस्कर असेल तर राज कपूर, तरुण असेल तर शाहरुख. मग लगेच डाळिंब. ‘हे बघा, डाळिंब म्हणजे मुलंबाळं, भरलेलं घर. ही मिरची, दृष्ट लागू नये म्हणून. ही सुरी, तीही त्यासाठीच. हा चंद्र...’ पुढच्या दुकानात हेच, समरकंदला गेलात तर तिथेही हेच.

यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती ऐकून माझ्या हाती काही लागत नाही. दाण्यांनी गच्च भरलेलं फळ म्हणजे संतती, हे कुणालाही घरबसल्या सुचेल. त्यासाठी बुखाऱ्यापर्यंत जायला नको. शिवाय ज्या बाईने दीडशे वर्षांपूर्वी ते डाळिंब भरलं, तिच्या डोक्यात त्या वेळी अर्थ कमी आणि काम जास्त असणार. लग्न कुणाचं, पट्ट्या कुणाकुणाकडे दिल्यात, कुणाची अजून यायची आहे. मध्य आशियातली कापडं बघत आणि त्यांच्याबद्दल वाचत गेले तसं माझं मत पक्कं होत गेलं: यांचा खरा अर्थ शोधायचा तर नक्षी सोडून व्यवहाराकडे बघावं. कुणी केलं, कुणी कुणाला दिलं, आणि कुणाला ते अंगावर घालायची मुभा नव्हती.

माझी नजर एका जुन्या सुझनीवर अडकली ती तिच्यातल्या चुकलेल्या फुलामुळे. मोठं, ताटाएवढं लाल फूल. मधोमध उभी शिवण. आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंचे अर्धे एकमेकांना जुळतच नाहीत. डावा अर्धा बोटभर वर सरकलेला. उजवीकडचा लाल थोडा विटकरी, डावीकडचा गर्द. टाकेही वेगळे: एकीकडे घट्ट, दुसरीकडे सैल. दुकानातली ओपा (तिकडे ताईला ओपा म्हणतात, आणि दुकानदारीणही ओपाच) पुढे होऊन ती जागा घडीत लपवायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, मला तीच बघायची आहे.

सुझनी तयार होण्याची पद्धत कळली की त्या न जुळणाऱ्या फुलाचा उलगडा होतो. तिकडचे हातमाग अरुंद, म्हणून कापडही हातभर रुंदीचं. अशा चार-सहा पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून कच्च्या टाक्यांनी जोडायच्या. मग गावात किंवा मोहल्ल्यात नक्षी काढण्यात तरबेज असलेल्या बाईला बोलवायचं. बहुधा ती वयस्कर असे, आणि तिला कलमकश म्हणत. ती अख्ख्या कापडावर एका हाताने नक्षी रेखाटून देई. त्यानंतर कच्चे टाके उसवायचे, पट्ट्या पुन्हा सुट्या करायच्या आणि घरातल्या बायकांत वाटून टाकायच्या. एक आईकडे, एक मावशीकडे, एक खुद्द नवरीकडे, एखादी शेजारणीकडे. ज्याच्या त्याच्या घरी, जसा वेळ मिळेल तसं भरतकाम व्हायचं. सगळ्या पट्ट्या परत आल्या की पक्की शिवण. हातांचा ताण वेगळा, रेशीम वेगवेगळ्या घाण्यांत रंगवलेलं. फुलं जुळणार कशी?

म्हणजे त्या एका फुलाची अर्धी पाकळी एका बाईची आणि अर्धी दुसरीची. सुझनींवर करणारीचं नाव सहसा नसतं, पण शिवणीपाशी इथे एक संपली आणि दुसरी सुरू झाली हे स्पष्ट दिसतं. कुणाचा हात सराईत होता, कोण नवशिकी होती, कुणी कंटाळून टाके लांबवले, तेही. आजच्या कारखान्यांतल्या सुझनी अखंड कापडावर होतात आणि फुलं काटेकोर जुळतात. मला त्या बघवत नाहीत, हा माझा दोष समजा हवं तर.

सुझनी एकटी नसे. मुलगी लहान असतानाच आई तयारीला लागायची, आणि लग्नापर्यंत संच जमायचा: भिंतीवरचे मोठे पडदे, नव्या जोडप्याच्या बिछान्यावर घालायची रुइजो, उशांवरची झाकणं, नमाजाचं छोटं कापड, भिंतीच्या वरच्या कडेने फिरणारी लांब पट्टी. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर धरायलाही एक सुझनी असे. नंतर खोलीचा एक कोपरा पडद्याने वेगळा करून नव्या जोडप्याला दिला जाई. त्याला चिमिलदिक म्हणतात. नूराता, शहरीसब्ज, समरकंद, बुखारा, ताश्कंद, प्रत्येक गावची तऱ्हा वेगळी. ताश्कंदच्या सुझनीत, तिला तिकडे पालक म्हणतात, लाल चंद्रांची मोठमोठी बिंबं कापड झाकून टाकतात, तर नूरात्याच्या जुन्या सुझनीत पांढऱ्या कापडावर फुलांचे सुटे, नाजूक झुबके.

हा सगळा पसारा सासरच्या भिंतीवर लागला की सासरच्या बायका तो वाचायच्या. मुलगी कामाची आहे का, माहेरी माणसं किती आहेत, आईने कधीपासून तयारी केली होती. गिऱ्हाइकाला डाळिंबाचा अर्थ लागतो. सासूला शिवणींचा लागत असे.

पुष्कळ सुझनींत एखादा कोपरा न भरलेला असतो. नुसती रेघ, रेशीम नाही. याची दोन-तीन स्पष्टीकरणं देतात. पूर्ण झालं की दृष्ट लागते, हे एक. काम संपलं तर घरातली लग्नंही संपतील, पुढच्या मुलीसाठी काही शिल्लक ठेवावं, हे दुसरं. माझा संशय साधा आहे: तारीख जवळ आली. ज्यांनी लग्नघरात ब्लाउजची हातशिलाई मांडवात बसून संपवलेली पाहिली आहे, त्यांना हे पटेल. अर्थात दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. आधी वेळ संपतो, मग त्याला शहाणपणाचं कारण सापडतं. किरगिझ लोकांच्या तुश किइझ नावाच्या भिंतीवरच्या पडद्यांतही भरतकामाची चौकट खालच्या बाजूने उघडीच ठेवतात. तिथे मात्र विसाव्या शतकात बायका धिटाईने साल आणि आद्याक्षरं भरू लागल्या. एवढे महिने खर्ची घातल्यावर नाव घालावंसं वाटलं, यात काही नवल नाही.

आता पुरुषांकडे वळू, म्हणजे दरबाराकडे. इथे कापडाचा व्यवहार अधिक उघडा आहे.

मध्य आशियातला लांब, पुढून उघडा झगा म्हणजे चापान. रशियनांनी त्याला खलात म्हटलं. उत्सवाच्या दिवशी मातब्बर माणूस एकावर एक असे दोन-तीन झगे चढवून यायचा, उन्हाळा असला तरी. राजाने माणसाला झगा द्यायचा ही तिथली फार जुनी रीत. १४०४ साली कास्तीलच्या राजाचा वकील क्लाविहो तैमूरला भेटायला समरकंदला पोचला, तेव्हा त्यालाही झगे मिळाले. राजाने दिलेला झगा अंगावर चढवायचा म्हणजे चारचौघांत त्याचा अधिकार मान्य करायचा. झगा देणाऱ्याची पायरी वर, घेणाऱ्याची खाली. आणि कापड जितकं भारी तितका घेणारा देणाऱ्याच्या जवळचा.

याचं सगळ्यात नागडं रूप व्हाम्बेरी या हंगेरियन प्रवाशाने १८६३ साली खिव्यात पाहिलं. दरवेशाच्या वेषात हिंडणारा हा माणूस खानाच्या खजिनदाराकडे गेला, तर तिथे मोठमोठ्या सोनेरी फुलांचे भडक रेशमी झगे मांडलेले. त्यांची नावं: चार डोक्यांचा, बारा डोक्यांचा, वीस डोक्यांचा, चाळीस डोक्यांचा. झग्यांवर तर कुठे डोकी काढलेली नाहीत, मग हे काय, असं त्याने विचारलं. उत्तर मिळालं की शत्रूची चार मुंडकी आणणाऱ्याला साधा झगा, आणि चाळीस आणणाऱ्याला सर्वांत सुंदर. पुढे त्याने घोडेस्वारांना पोत्यांतून मुंडकी ओतताना आणि त्यांची पावती घेताना पाहिलं. त्या झग्यावरच्या फुलाचा प्रतीकात्मक अर्थ काय, असं आता कुणी मला विचारलं तर मी काय सांगू?

झगा देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. तैमूरचा वंशज बाबर फरगाना खोऱ्यातल्या अंदिजानचा. त्याच्या घराण्याच्या दरबारात, दिल्ली-आग्र्याला, खिलतीचा मान चालत राहिला. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात विडे झाल्यावर खिलती वाटल्या गेल्या. शहजाद्यांना मिळाली, वजीर जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंगाला मिळाली. शिवाजी महाराजांना नाही. पुढचं सारं आपण शाळेत शिकतो, पण दरबारात महाराजांचा संताप उसळला तो या क्षणी, हे सांगितलं जातं त्यापेक्षा अधिक ठळकपणे सांगायला हवं. नंतर समजूत काढायला बादशहाने खिलत पाठवली, तेव्हा ती अंगावर घालायला त्यांनी साफ नकार दिला. एक कापड आधी दिलं गेलं नाही आणि मग घेतलं गेलं नाही. दोन्ही वेळा सगळ्यांना नेमकं कळलं की काय म्हटलं जात आहे.

मराठ्यांच्या राज्यातही नेमणूक वस्त्रांनीच व्हायची. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना आणि १७२० मध्ये बाजीरावांना शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं दिली, असंच आपण आजही म्हणतो. १७९२ चा प्रसंग तर फारच मासलेवाईक. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून सवाई माधवरावांसाठी वकील-ई-मुतलक हा किताब घेऊन पुण्यात आले. समारंभात बादशहाच्या नावाने रिकामं तख्त मांडलेलं. पेशव्यांनी त्या रिकाम्या तख्तापुढे मान लववली आणि आलेली वस्त्रं परिधान केली. तेव्हा तैमूरच्या वंशातला तो बादशहा, शाहआलम, दिल्लीत आंधळा होऊन बसला होता आणि महादजींच्याच आधारावर जगत होता. देणारा दुबळा, घेणारा बळकट. तरी वस्त्रं दिल्लीहून पुण्याला आली, पुण्याहून दिल्लीला गेली नाहीत.

हे राजेरजवाड्यांचं. साध्या घरांत याच व्यवहाराला सारपो म्हणतात: लग्नात दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या माणसांना द्यायचे कपडे, डोक्यापासून पायापर्यंत. कुणाला काय द्यायचं याचा हिशोब, कमी पडलं तर वर्षानुवर्षं निघणारा विषय, आलेल्या कापडातलं निम्मं कपाटात जपून पुढच्या लग्नात दुसऱ्याला देणं. आपल्याकडच्या मानापानाच्या साड्या जशा चार घरं हिंडतात आणि एखादी मूळ घरी परत येते, तसंच. झगा अंगावर घातला जाईलच असं नाही. पण तो दिला गेला पाहिजे.

इकतची गोष्ट वेगळीच आहे, आणि माझ्या मते सर्वांत गुंतागुंतीची. तिकडे तिला अब्रबंदी म्हणतात. विणण्याआधीच ताण्याचे धागे ठिकठिकाणी घट्ट बांधून रंगवायचे, सोडायचे, पुन्हा वेगळीकडे बांधून दुसऱ्या रंगात बुडवायचे. विणल्यावर कडा किंचित पसरलेल्या, ढगासारख्या विरघळणाऱ्या नक्षी उमटतात. एकोणिसाव्या शतकात बुखारा, समरकंद, मर्गिलान, खुजंद ही याची मोठी केंद्रं. आपल्या पोचमपल्लीची किंवा पाटणची ओळख असलेल्यांना तत्त्व लगेच कळेल. पण तिथल्या नक्षी प्रचंड, एकेक आकार छातीभर.

हे काम एका छताखाली होत नसे. रेशीम उलगडणारे वेगळे, ताण्यावर कोळशाने खुणा करणारा वेगळा, बांधणारा वेगळा, रंगारी वेगळे, मागावरचा विणकर वेगळा, आणि वर चकाकीसाठी अंड्यातला पांढरा भाग लावून लाकडी हातोड्याने कुटणाराही वेगळा. ताण्याचे गठ्ठे एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात फिरत राहायचे. रंगाऱ्यांतही वाटणी. पिवळा आणि लाल उकळत्या पाण्यातले. हे काम बहुधा ताजिक रंगाऱ्यांचं. निळा थंड पाण्यातला, नीळीच्या कुंडातला. हे काम ज्यूंचं. बुखाऱ्यात ज्यू रंगारी हातांवरच्या निळ्या डागांनी ओळखू यायचा. म्हणजे एका झग्यात पिवळ्याशेजारी निळा आला आणि जिथे ते एकमेकांत मिसळले तिथे हिरवा झाला, तर त्यात शहरातल्या दोन वस्त्या एकत्र आलेल्या असत.

पण फक्त कापडात. बुखाऱ्याच्या अमिरातीत ज्यूंना रेशमी कमरपट्टा बांधायला बंदी होती. कमरेला दोरी बांधावी लागे. शहरात घोड्यावर बसायचं नाही. टोपीही वेगळी, म्हणजे लांबून कळावं. हाच नियम तिथल्या हिंदू व्यापाऱ्यांनाही, मुलतान-शिकारपूरकडून येऊन पेढ्या चालवणाऱ्यांना. चौकोनी टोपी आणि कमरेला दोरी. ईस्ट इंडिया कंपनीचा अलेक्झांडर बर्न्स १८३२ मध्ये बुखाऱ्यात शिरला, तेव्हा मुसलमान नसल्यामुळे त्यालाही फेटा आणि कमरबंद उतरवून मेंढीच्या कातड्याची टोपी आणि अंबाडीसारखी जाड दोरी घ्यावी लागली, आणि तोही शहरात पायीच हिंडला.

जरा थांबून बघा. नीळ हिंदुस्थानातून काफिल्यांनी यायची. ती रेशमावर चढवायचा ज्यू. आणि तिच्यातून निघालेला रेशमी पट्टा ना त्या ज्यूला बांधता यायचा, ना हिंदुस्थानातून आलेल्या हिंदू व्यापाऱ्याला. संग्रहालयांत इकतच्या झग्याशेजारी नेहमी कुंड्या, धागे, रंगांची झाडं दाखवतात. मला वाटतं, शेजारी एक दोरीही टांगावी.

धर्माचा नियम कापडाच्या पोतातही शिरलेला असे. मुसलमान पुरुषाने निव्वळ रेशीम घालू नये, म्हणून ताणा रेशमाचा आणि बाणा सुती: ते अद्रस. वरून रेशमाची झळाळी, आणि निव्वळ रेशीम नाही म्हणून मनाला टोचणी नाही. औरंगाबादच्या मश्रूमागेही हीच युक्ती आहे. कडक नियम आणि हौस यांच्यात विणकराने काढलेली ही पळवाट मला फार आवडते. कुणाचंच नुकसान नाही. ज्यांना पर्वा नव्हती किंवा पैसा उदंड होता त्यांच्यासाठी निव्वळ रेशमी अतलस होतं आणि त्याहून महाग, इकतचं मखमल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इकतच्या झग्याची पुढची बाजू उलगडून आत पाहिलं तर बऱ्याचदा धक्का बसतो. बाहेर एवढं भव्य, आणि आत अस्तर म्हणून बारीक गुलाबांचं छापील चीट. तो कपडा रशियातल्या गिरण्यांतला. या अस्तरापाशी मी बाहेरच्या कापडापेक्षा जास्त वेळ रेंगाळते. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला, आणि जगभरच्या गिरण्या दुसरीकडे बघू लागल्या. त्याच टंचाईने मुंबईत पैशाचा पूर आणला, वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळून कित्येक शेठ बुडाले. त्याच १८६५ मध्ये रशियन फौजांनी ताश्कंद घेतलं. १८६८ मध्ये बुखाऱ्याचा अमीर रशियाचा मांडलिक झाला. पुढे तिथे अमेरिकी बियाण्याचा कापूस पेरला गेला, १८८८ मध्ये रेल्वे समरकंदपर्यंत पोचली. कापूस उत्तरेकडे जाऊ लागला आणि चीट होऊन परत येऊ लागला. झगा बाहेरून अजून अमिराच्या काळातला दिसत होता. आतून तो केव्हाच झारचा झाला होता.

बायकांच्या वस्त्रांत एक प्रकार असा आहे की तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चक्रावले: ज्यांत हात घालायचेच नाहीत अशा बाह्या. शहरांतल्या बायका बाहेर पडताना डोक्यावरून परांजा घेत. मुळात तो डोक्यावर टाकलेला झगाच. बाह्या निरुपयोगी होत होत अरुंद पट्ट्या उरल्या आणि पाठीवर टाचेपर्यंत लोंबू लागल्या, टोकाशी एकमेकींना जोडलेल्या. तोंडावर घोड्याच्या केसांची काळी जाळी, चाचवान. ती विणायच्या ल्युली, म्हणजे तिथल्या जिप्सी बायका, ज्या स्वतः तोंड झाकत नसत. परांजा मात्र पुष्कळदा उंची रेशमाचा, कडेला सुरेख गोट लावलेला. बाई दिसू नये, पण तिच्या घरची ऐपत दिसावी.

तुर्कमेन बायकांच्या चिर्पी नावाच्या, डोक्यावरून घ्यायच्या झग्यालाही अशाच खोट्या बाह्या, पण तिथे तोंड झाकणं नाही आणि रंग बोलतो. तरुण बाईची चिर्पी गडद निळी किंवा हिरवी, मध्यमवयीन बाईची पिवळी, म्हातारीची पांढरी. काराकाल्पाक बायकांतही तरुणपणी लाल किमेशेक (डोकं आणि खांदे झाकणारं वस्त्र) आणि म्हातारपणी पांढरा. पांढरं नेसण्याचा आपल्याकडचा अर्थ मनातून काढून टाकावा लागतो. तिथे पांढरा हा दुःखाचा नव्हे, अधिकाराचा रंग. घरात आता जिचं ऐकायचं ती ही बाई, असं तो सांगतो. ही मला या सगळ्या प्रदेशातली सर्वांत सुसंस्कृत प्रथा वाटते.

आणि मग ८ मार्च १९२७. सोव्हिएत सरकारने हुजुम, म्हणजे हल्ला, पुकारला. उझबेकिस्तानच्या शहरांत चौकाचौकांत सभा भरल्या आणि बायकांनी परांजे, चाचवान काढून आगीत टाकले. काही स्वखुशीने आल्या होत्या, त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण पक्षाच्या पुरुष सभासदांनाही हुकूम होता की आधी आपापल्या बायकांचे परांजे उतरवा; म्हणजे बायकोचं तोंड हा नवऱ्याच्या पक्षनिष्ठेचा पुरावा झाला. उलट बाजूला बाप, भाऊ आणि नवरे सुऱ्या घेऊन बसले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत शेकडो बायका मारल्या गेल्या. मर्गिलानची नूरखान, कोवळ्या वयाची नर्तकी, परांजा टाकून रंगमंचावर आली होती. १९२९ मध्ये तिच्या सख्ख्या भावाने तिला मारलं. पुष्कळ जणींनी भीतीने परांजा पुन्हा घेतला. मला या प्रकरणात कुठल्याच बाजूच्या पुरुषांबद्दल बरं बोलता येत नाही.

परांजा गेला, आणि अतलस सरकारी झालं. मर्गिलानच्या कारखान्यांत ते हजारो मीटर निघू लागलं. सामूहिक शेतावर कापूस वेचणाऱ्या हसऱ्या बाईचं चित्र काढायचं तर तिच्या अंगावर खान-अतलसचा झगाच हवा. अमिराच्या काळी जे दरबारी होतं ते कष्टकरी बाईचं झालं, हे मला मनापासून चांगलं वाटतं. पण काय घालायचं हे वरून ठरणं काही थांबलं नाही, आणि स्वातंत्र्यानंतरही थांबलेलं नाही. ताजिकिस्तानात २००७ च्या कायद्याने लग्नाला दीडशेपेक्षा जास्त माणसं बोलवायला बंदी आली, कारण आहेर आणि जेवणावळींत घरं बुडत होती. २०१८ मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाने बायकांनी कोणते कपडे घालावेत याचं चित्रांसकट पुस्तकच काढलं, आणि २०२४ मध्ये ‘राष्ट्रीय संस्कृतीला परक्या’ कपड्यांवर कायद्याने बंदी घातली. रोख हिजाबवर होता. त्याऐवजी अतलस घाला, चकन भरतकामाचे झगे घाला, असं सांगणं. चकनला त्याच २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी, अतलस आणि अद्रसची पारंपरिक विद्या टिकवल्याबद्दल मर्गिलानच्या हस्तकला केंद्राची युनेस्कोने दखल घेतली होती. दोन्ही सन्मान रास्त आहेत. तरीही दुशान्ब्याच्या रस्त्यावर अतलस घालून चाललेल्या बाईकडे बघून, तिने ते आवडीने घातलंय की दप्तरातून सूचना आली म्हणून, हे मी सांगू शकणार नाही.

शेवटी एका फाटलेल्या कापडाबद्दल सांगायचं राहिलं, आणि ते मला सुझनीइतकंच प्रिय आहे. उझबेक, कझाख घरांत कुणी गेलं की आलेल्या लोकांना कापडाचे तुकडे फाडून वाटतात. त्याला यिर्तिश म्हणतात. माणूस भरपूर जगून, नातवंडं-पतवंडं पाहून गेलेलं असेल तर त्या तुकड्यासाठी बायकांची झुंबड उडते, कारण त्याचं आयुष्य त्या चिंधीबरोबर आपल्या घरी येतं असं मानतात. ती चिंधी मग कुराकमध्ये जाते. कुराक म्हणजे तिकडची ठिगळकामाची गोधडी: त्रिकोण, चौकोन जुळवून शिवलेली. लेकराच्या अंगाखाली, नवरीच्या रुखवतात अशी गोधडी हवीच. तिच्यात कुणाच्या लग्नातला सारपोचा तुकडा, कुणाच्या झग्याच्या अस्तरातलं रशियन चीट, नव्वदीत गेलेल्या शेजारच्या आजीची यिर्तिश, सगळं एकाशेजारी एक.

ताश्कंदमध्ये एका घरी मला अशी गोधडी दाखवली. घरातल्या बाईने एकेका तुकड्यावर बोट ठेवून माणसं सांगितली: ही आजेसासू, हा मामांचा झगा, हे त्या खालच्या अंगणातल्या म्हाताऱ्याचं, शंभरीचा होता, सगळे भांडले तुकड्यासाठी. त्रिकोण म्हणजे ताईत, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ती म्हणाली, हो, असतील, पण त्रिकोणांत कपडा वाया जात नाही. मग तिने सांगितलं की आताशा लोक फाडायच्या भानगडीत पडत नाहीत, तयार हातरुमाल वाटतात. तिच्याकडे कपाटात अशा रुमालांचा ढीग होता, काही अजून वेष्टणातच. त्यांचं काय करणार म्हणून विचारलं, तर म्हणाली, पॉलिएस्टर आहे, गोधडीत चालत नाही. पण पुढच्या मयताला द्यायला लागतातच की.